आक्काची दहावी

सान्वी दहावी पास झाली, त्याच साली आक्काचीही दहावी होती.

निकालाचे पेढे घेऊन तिचा बाप मितेश सगळ्यांना गाडीत घालून शहाडला आपल्या आत्याकडे, म्हणजे आक्काकडे, गेला होता. आक्काने सान्वीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, अर्धा पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "तुझी झाली बाई. माझी भादव्यात हाय. बघू, पास होतीया का नापास."

सान्वीला काही उमगेना. मग तिच्या आजोबांनी, म्हणजे गणपतने, परतीच्या वाटेवर तिला समजावून सांगितलं. आक्का ही गणपतची थोरली बहीण, नाव कलावती. दोघांचा जन्म माळशेज घाटाच्या वरच्या अंगाला, ओतूरच्या अलीकडच्या एका खेड्यातला. तिथल्या डोंगरउतारावर कारवी नावाचं झुडूप असतं. ते सात-आठ वर्षं नुसतं हिरवं उभं राहतं, फूल म्हणून धरत नाही. मग एखाद्या भाद्रपदात सगळा डोंगर एकदम निळा-जांभळा होतो. महिनाभर फुलतो, बी धरतो आणि ती सगळी झुडपं वाळून मरतात. पुन्हा सात-आठ वर्षं वाट बघायची. आक्काला स्वतःचं जन्मसाल ठाऊक नव्हतं. वय विचारलं की ती कारवी मोजायची. तिला आठवते ती पहिली, मग लग्नाची, मग मुलाच्या, धनेशच्या पाळण्याची, असं करत करत यंदाची दहावी.

"म्हणजे आजी ऐंशीच्या जवळ आल्या," सान्वी मनात हिशेब करून म्हणाली.

"असेल," गणपत म्हणाला.

पहिल्या कारवीची गोष्ट त्याने नातीला सांगितली नाही. ती त्याला स्वतःला आठवत नव्हती, आक्काकडून ऐकलेली होती. आई कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या तोडायला जायची आणि दोन वर्षांच्या गणूला आक्काच्या कडेवर द्यायची. आक्का तेव्हा असेल सहा-सात वर्षांची. फुललेल्या कारवीत मधमाश्या असतात हे त्या पोरीला काय माहीत. ती भावाला फुलं दाखवायला थेट आत शिरली. माश्या उठल्या तेव्हा तिने परकर वर ओढून त्याच्याभोवती गुंडाळला, त्याला पोटाशी धरलं आणि तशीच बसून राहिली. आईने येऊन सोडवलं तोवर तिचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं. गणूला एकही माशी डसली नव्हती. पुढे आयुष्यभर गणपतने काही आगळीक केली की आक्का म्हणायची, "तवाच द्यायला पायजे हुता माश्यांना."

गणपतने शहाडच्या कापडधाग्याच्या कारखान्यात नोकरी केली ती आक्काच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, चिकटवून दिली म्हणून. तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्याने संसार केला. त्याची बायको हौसा गेली तेव्हा मितेश त्याला घोडबंदर रोडला आपल्याकडे घेऊन आला. बाविसावा मजला, दोन लिफ्ट, खाली पोहायचा हौद. मुलगा-सून चांगले होते. रुचिता त्याच्यासाठी वेगळी बाजरीची भाकरी करायची. पण त्या घरात त्याला विचारून करावी अशी गोष्ट राहिली नव्हती. भाजी फोनवरून यायची, लाइटचं बिल फोनवरून जायचं. त्याचं मत कोणी टाळत नव्हतं, पण त्याची गरजही पडत नव्हती.

गौरी बसल्या त्या दिवसात आक्काचा फोन आला. ओतूरकडून कल्याणच्या बाजारात भाजी घेऊन येणारा एक टेम्पोवाला धनेशच्या ओळखीचा होता. त्याने घाटातून कारवीची एक फुललेली फांदी मोडून आणून दिली होती. आक्काने ती पेल्यात पाणी घालून खिडकीत ठेवली होती.

"गणू, फुलली रं," ती म्हणाली. "मला एकडाव वर ने. पुढच्या खेपेला मी काय नसते."

"असं काय बोलतेस? येत्या रविवारी नेतो," गणपत म्हणाला.

मागच्या कारवीला तिचे मालक अंथरुणाला खिळलेले होते, तेव्हा जाणं झालं नव्हतं. त्याच्या मागच्या खेपेला धनेशची नोकरी गेलेली होती. हे सगळं गणपतला माहीत होतं. आक्काच्या पायांवर सूज येते, डॉक्टरने हृदय दमलंय म्हणून सांगितलंय, हेही धनेशने त्याला सांगितलेलं होतं. पण म्हातारी माणसं डॉक्टरांच्या गोष्टी ऐकून सोडून देतात. त्यानेही सोडून दिल्या.

मितेश नाही म्हणाला नाही. उलट खूश झाला. लहानपणी तो आत्याच्याच घरी जास्त जेवलेला. शुक्रवारी कामावरून आल्यावर तो म्हणाला, "बाबा, चला, घाट चढायचाय तर हवा चेक करून येऊ." रस्त्यावरच्या टायरच्या दुकानात दोघं गेले. सान्वीही निघाली.

दुकानदाराने खाली बसून पुढच्या टायरवरून तळवा फिरवला. मग मागच्या. हात पुसत उठला आणि म्हणाला, "हे टायर नाहीत, गोटे झालेत. शहरात चालवा अजून दोन महिने. पण पावसात माळशेज? मी तर माझ्या घरच्यांना बसवणार नाही."

मितेशने वाकून बघितलं. टायरवरची नक्षी पार घासून गेली होती. गाडी घेतल्यापासून टायर बदललेच नव्हते. तो म्हणाला, "मग आत्ताच टाका." दुकानदाराने सांगितलं की तुमच्या मापाचे, चौदाचे, तयार आहेत. अर्ध्या तासात चारही लावून, चाकं बॅलन्स करून देतो.

तेवढ्यात गणपत म्हणाला, "चौदा नको. पंधराचे टाक."

मितेशने वडिलांकडे पाहिलं. गेल्या तीन वर्षांत बाबांनी कशासाठी हट्ट धरल्याचं त्याला आठवत नव्हतं.

गणपतच्या मनात गोष्ट अशी होती. आक्काचे गुडघे गेलेले. पेढ्यांच्या दिवशी तिला गाडीतून देवळापर्यंत नेलं होतं, तेव्हा त्याने पाहिलं होतं. गाडीची सीट खाली, त्यामुळे बसताना तिला पार वाकावं लागलं आणि उतरताना तर धनेशने काखेत हात घालून उचललं. चाक मोठं घातलं की गाडी उंच होईल, आक्का खुर्चीत बसावी तशी बसेल. शिवाय गावाच्या ओढ्यात गाडीचं पोट घासतं, तेही वाचेल. पण हे त्याने दुकानात सांगितलं नाही. बहिणीच्या गुडघ्यांबद्दल परक्या माणसासमोर काय बोलायचं. तो एवढंच म्हणाला की मोठं चाक बरं असतं.

सान्वी लगेच आजोबांच्या बाजूने झाली. तिला काळ्या अलॉयच्या चाकांची हौस होती. "पप्पा, पंधरा आणि ब्लॅक. भारी दिसेल. आजोबांना पण कळतं, तुम्हालाच नाही."

मितेशने समजावलं. चौदा-पंधरा हा आकडा आतल्या लोखंडी रिंगेचा असतो, सगळ्या चाकाचा नव्हे. रिम एक इंच वाढली की रबर तेवढं पातळ घ्यावं लागतं, नाहीतर चाक मडगार्डला घासतं. बाहेरून चाक तेवढंच राहतं, गाडी बोटभरही उंच होत नाही. दुकानदारानेही नमुन्याला ठेवलेला पंधराचा एक टायर चौदाच्या शेजारी उभा करून दाखवला. ताटाचा घेर तोच, भाकरी मोठी झाली की कड कमी उरते, तसं.

गणपतने दोन्ही टायर बघितले. खरं म्हणजे ते सारखेच उंच दिसत होते. पण सगळ्यांसमोर बोलून गेला होता, आणि दुकानदार हाताशी असलेला माल खपवायला बघतोच, असं त्याने मनाशी धरलं. तो म्हणाला, "पंधरा चौदापेक्षा मोठं असतं, एवढं मला पण कळतं रे."

दुकानदार हसला. सान्वी हसली. मितेश मात्र हसला नाही. आपण बाबांना दुकानात शिकवायला निघालो याची त्याला लाज वाटली असावी. बाबा कधी नव्हे ते काही मागतायत, तर देऊन टाकू, असा विचार त्याने केला. त्याने पंधराच्या काळ्या रिमा आणि त्यांना बसतील ते टायर मागवायला सांगितले. ते गोदामातून यायला पाच-सहा दिवस लागणार होते.

रविवार गेला. गणपतने आक्काला फोन करून सांगितलं की टायर येतायत, पुढच्या रविवारी नक्की. आक्का म्हणाली, "बरं. फुलं काय पळून जात न्हाईत." मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "पर लई थांबत बी न्हाईत."

अनंत चतुर्दशीला गणपती गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातून मितेशला फोन आला की माल आलाय, संध्याकाळी गाडी घेऊन या. मितेशने चहा पिता पिता तसं सांगितलं. गणपत कॅलेंडरसमोर उभा होता. तो म्हणाला, "आता नको. आज पंधरवडा लागला."

पितृपंधरवड्यात नवी वस्तू घरात आणायची नाही हे मितेशला माहीत नव्हतं असं नाही. पण त्याला वाटलं, टायर यात कुठे येतात. तो म्हणाला, "बाबा, टायर म्हणजे काय सोनं आहे का? चप्पल तुटली तर पंधरा दिवस अनवाणी फिरता का तुम्ही?"

"चाक घेत नाहीत पंधरवड्यात."

"असं कुठे असतं? घर, गाडी, कपडे ऐकलेलं. चाक मी तरी कधी नाही ऐकलं. आत्याला नेऊन आणू, मग तुम्ही म्हणाल ते पाळू. ती वाट बघतेय ना?"

रुचितानेही ओट्यापाशी उभी राहून तेच म्हटलं. आत्यांना बरं नसतं, एकदा जाऊन या, असं.

तेव्हा गणपत बोलला. आवाज न चढवता बोलला.

"गाडी पण अशीच घेतलेली."

मितेशच्या हातातला कप तसाच राहिला.

पाच वर्षांपूर्वी मितेशने ही गाडी घेतली ती पंधरवड्यातच. त्या दिवसांत गिऱ्हाईक नसतं, गाडी लगेच मिळते, म्हणून. हौसाने तेव्हा हौसेने चारही चाकांखाली लिंबं ठेवली होती, गाडीला हळदकुंकू लावलं होतं. पुढच्या वर्षी ती आजारी पडली आणि त्याच्या पुढच्या वर्षी गेली. त्या दोन गोष्टी जोडून गणपत कधी कोणापाशी बोलला नव्हता. मनात मात्र त्याने जोडून ठेवल्या होत्या, आणि मितेशनेही जोडून ठेवल्या आहेत हे त्या सकाळी दोघांनाही कळलं.

रुचिता आत गेली. मितेशने कप खाली ठेवला, दुकानदाराला फोन लावला आणि म्हणाला की सध्या नको, दुसरं कोणी घेत असेल तर देऊन टाका. नंतर त्या घरात टायरचं नाव कोणी काढलं नाही.

पुढे गणपतला जेव्हा झोप येत नसे तेव्हा तो पंधराचा आकडा विसरायचा, पंधरवडाही विसरायचा, पण ते एक वाक्य त्याला विसरता यायचं नाही. माणूस रागात बोलतो त्याचं एवढं नसतं. तो रागात नव्हता. त्याला फक्त आपलं म्हणणं खरं करायचं होतं, आणि हाताशी होतं ते सगळ्यात जड त्याने उचलून टाकलं.

आक्काला त्याने सांगितलं की घट बसले की लगेच जाऊ. कारण ऐकून ती फोनवर हसली. "आरं, पितर काय तुझ्या चाकाखाली येत्यात व्हय?" असं म्हणाली. पण तिनेही वाद घातला नाही. ती जुनी बाई, पंधरवड्याला तीही मानायची. ती म्हणाली, "बरं, तुला पटंल तवा."

धनेशला मात्र पटलं नाही. त्याने दोन दिवसांनी मामाला फोन केला. अंबरनाथच्या कंपनीत त्याच्या ओळखीचा एक जण गाड्या भाड्याने द्यायचा. चांगली उंच गाडी आहे, ड्रायव्हर घाटातला आहे, आईला घेऊन जातो, मामा तुम्ही पण चला, असं त्याने विचारलं. गणपतला ते लागलं. घरची गाडी असताना बहिणीला भाड्याच्या गाडीतून माहेरी न्यायचं, गावात लोक काय म्हणतील. तो म्हणाला, "मी मेलोय का? मी नेईन म्हटलंय ना." धनेशने गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं. मामांच्या शब्दापुढे तो कधी गेला नव्हता.

नवमीला हौसाचं पान होतं. सौभाग्यवती गेलेल्या बाईचं अविधवा नवमीला करतात. रुचिताने सगळं मनापासून केलं. वडे, खीर, अळूची भाजी, गवार, भोपळा. गणपत पान घेऊन गच्चीवर गेला. पण एवढ्या उंच इमारतीवर कावळे येत नाहीत. घारी फिरत होत्या, कबुतरं होती. तो पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभा राहिला. हौसाला काय बोलायचं राहिलंय, कशात जीव अडकलाय, असं त्याने मनात बरंच काही म्हणून पाहिलं. गाडी पुढे पंधरवड्यात घेणार नाही, असंही म्हणाला. कावळा आला नाही. शेवटी तो पान घेऊन खाली उतरला आणि सोसायटीच्या मागच्या खाडीकडे गेला, तेव्हा कुठे एक येऊन वडा घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी डब्यात वडे आणि खीर घेऊन तो शहाडला गेला. आक्का दाराशी खुर्चीत बसलेली. पाय सुजलेले होते, ते तिने लुगड्याखाली ओढून घेतले. तोंड उतरलेलं, पण बोलणं तसंच. खीर चमच्याने खात तिने विचारलं, कावळा शिवला का. गणपतने सगळी हकिकत सांगितली, टाकीच्या सावलीपासून खाडीपर्यंत.

"लई येळ थांबलास म्हन की."

"बराच वेळ."

"कळलं का मग, वाट बघणं कसं असतंय?"

आक्का हसत होती. गणपतलाही हसावं लागलं. खिडकीत पेला होता, त्यातली फांदी वाळून काळी पडली होती. फुलं गळून पेल्याच्या पाण्यात कुजली होती, पण तिने ती टाकू दिली नव्हती.

तिच्याशी बोलताना त्याला वाटलं, निदान आपण काय करायला निघालो होतो ते तरी हिला सांगावं. तो म्हणाला, "गुरुवारी घट बसतात. त्याच दिवशी पंधराची चाकं घालतो आणि येतो. ती मोठी असतात. गाडी उंच होते, तुला वाकून बसायला नको. म्हणून तर थांबलो."

आक्काने चमचा वाटीत ठेवला.

"माझ्यासाठी थांबलास व्हय?" ती म्हणाली. "आरं येड्या, मी वाकून बसले असते की."

मग तिने विषय बदलला. सान्वीला कोणत्या कॉलेजात घातलं, रुचिताची आई कशी आहे, असं विचारत राहिली. निघताना त्याने तिच्या पायांना हात लावला. सुजलेल्या पायावर बोट टेकलं तिथे खळगा पडला आणि भरायला वेळ लागला. ते त्याने पाहिलं. पाहूनही तो स्टेशनकडे चालत गेला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशी होती. आक्काने उपास केला. दुपारी दाराशी खुर्चीत बसून ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. धनेश पाणी भरून बाहेर आला तेव्हा शेंगा मांडीवर होत्या आणि मान कलली होती.

शहाडच्या नदीकाठी सगळं झालं. घोडबंदर रोडवरून गाडी तिथवर गेली ती त्याच घासलेल्या टायरांवर. रविवारी दुपारी धनेशने मामाला बाजूला घेऊन सांगितलं की उद्या रक्षा सावडायची आहे. नदीत सोडूच, पण थोडी आईच्या माहेरच्या नदीत सोडावी असं त्याच्या मनात आहे. ती वर जायचं म्हणत होती.

गणपतने मान हलवली. मितेश शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "मी टायर टाकून येतो."

"चल, मी पण येतो," गणपत म्हणाला.

दुकानदाराने ओळखलं. पंधराचे त्या दिवशी तुम्ही नको म्हणालात म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिले, असं तो अपराधी चेहऱ्याने सांगू लागला. पुन्हा मागवू का, म्हणाला. मितेशने वडिलांकडे पाहिलं.

"जे असतील ते लाव," गणपत म्हणाला.

चौदाचेच टायर, पहिल्या दिवशी भिंतीला लावून ठेवलेले. दुकानदाराने गाडी वर उचलली, एकेक चाक काढलं, जुना टायर सोडवला, नवा चढवला. गणपत प्लास्टिकच्या स्टुलावर बसून बघत होता. किती सोपं काम होतं. मागच्या खेपेला सांगितलं होतं तेवढाच वेळ लागला. सर्वपित्री अमावास्या अजून व्हायची होती. पंधरवडा होता, वर घरात सुतक होतं. मितेशला दोन्ही माहीत होतं, गणपतला दोन्ही माहीत होतं. दुकानाच्या भिंतीवर गणपतीच्या फोटोशेजारी कॅलेंडरही टांगलेलं होतं. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

सोमवारी सकाळी रक्षा सावडून ते निघाले. मितेश गाडी चालवत होता, गणपत पुढे, मागे धनेश. त्याने रक्षेचं गाडगं मांडीवर घट्ट धरलं होतं, फडकं बांधलेलं. गाडीत बसताना धनेश खाली वाकला, तेव्हा गणपतने सवयीने वर हात धरला, डोकं आपटू नये म्हणून. मुरबाड गेलं. टोकावड्यापुढे पावसाची भुरभुर सुरू झाली, घाटात धुकं उतरलं. रस्ता ओला होता, वळणावर वरून पाणी येत होतं. नवे टायर रस्ता धरून चालले होते. एकदाही गाडी सरकली नाही.

बोगद्याच्या पुढे धुकं जरा फाटलं आणि धनेश मागून म्हणाला, "मामा."

डोंगर फुललेला होता. सगळा नव्हे. खालच्या अंगाची कारवी बी धरून तपकिरी झाली होती. पण वरची अजून निळी-जांभळी होती, धुक्यात भिजलेली, पार कड्यापर्यंत. मितेशने न सांगता गाडी कडेला घेतली.

गणपत उतरला. रस्त्याच्या कठड्यापासून पाऊलवाट वर जात होती. ती चढून तो झुडपांपाशी गेला. पावसातही माश्या होत्या, थोड्या, जड झालेल्या, फुलांत शिरत होत्या. धनेश गाडगं घेऊन मागे आला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला. गणपतने हात पुढे केले. धनेशला आधी कळलं नाही. मग त्याने गाडगं मामाच्या हातात दिलं.

गणपतने ते कडेवर घेतलं. उजव्या कडेवर, लहान पोर घेतात तसं. अंगावरच्या पंच्याचा पदर त्याने त्याच्याभोवती गुंडाळला आणि तो झुडपांत चार पावलं आत गेला. एक माशी त्याच्या मनगटावर बसली. त्याने हात हलवला नाही. खाली रस्त्यावर मितेश गाडीला टेकून उभा होता, वर बघत.

"हे बघ," गणपत म्हणाला.

नंतर ते खाली उतरले आणि ओतूरच्या अलीकडे मांडवी नदीत रक्षा सोडली. गावातली दोन म्हातारी माणसं काठावर आली होती. त्यांनी विचारलं, अरे, कलावतीला कधी आणतोस म्हणून आम्ही वाट बघत होतो, निरोप होता ना तिचा. गणपतने सांगितलं, हो, होता.

परत येताना मितेशने घाटात गाडी थांबवली नाही. शहाडला धनेशला उतरवून दोघं घोडबंदर रोडला पोचले. खाली गाडी लावल्यावर मितेश चाकांपाशी उभा राहिला, एका टायरला लागलेला लाल चिखल त्याने बुटाने खरवडला आणि म्हणाला, "बाबा, ते आईचं... गाडीचं..."

"नाही रे," गणपत म्हणाला. "तसं काही नसतं."

हे त्याने पंधरा दिवस आधी म्हटलं असतं तर बरं झालं असतं. लिफ्ट आली, दोघं वर गेले.

धाकट्या भावाला कडेवर घेऊन कारवी दाखवणारी कलावती शहाड येथे भाद्रपद वद्य एकादशीला, शनिवार दिनांक २८ सप्टेंबर २०२४ रोजी, दुपारी वारली.